टबाशेजारचे मासे

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही खाडीच्या काठावर उभे आहात. सकाळची वेळ आहे, ओहोटी लागली आहे आणि पाणी मागे सरकून चिखल उघडा पडला आहे. आता हळूच श्वास घ्या. नाक दाबायचं नाही, नाक दाबलंत तर पुढची गोष्ट कळायची नाही. कसला वास येतो? मासळीचा? नाही. नासलेली अंडी, उघडा राहिलेला रंगाचा डबा आणि गंजका पत्रा एकत्र उकळला तर कसा येईल, तसा हा वास आहे. तो नाकात थांबत नाही, जिभेवर येऊन बसतो. थुंकलं तरी जात नाही.

अशा त्या काठावर उन्नती उभी होती. तिच्या एका हातात मामाने दिलेला जुना मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात आईचा निळा टब. ती तिथे का गेली होती, ते आधी सांगतो.

उन्नती पालघरजवळच्या मुरबे गावची. बाप बोटीवर जायचा आणि आई, जमना, बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसायची. उन्नतीच्या मामाचा, धीरजचा, बोईसरला फोटो स्टुडिओ होता. लग्न, हळद, बारसं, सगळीकडे तो जायचा. भाचीला फोटो काढायचा नाद लागला आहे हे पाहून त्याने तिला एक नियम घालून दिला. रोज एक फोटो. दोन नाहीत, आणि एकही दिवस खाडा नाही. कंटाळा आला तरी काढायचा, ताप आला तर अंथरुणातून जे दिसेल त्याचा काढायचा. तो फोटो रोज मामाच्या एका ग्रुपवर टाकायचा. त्या ग्रुपवर पालघर-बोईसरचे बरेच हौशी लोक होते, कोणी बँकेतले, कोणी कारखान्यातले, कोणी शिक्षक. उन्नतीचा हात बसला तर येत्या लग्नसराईत मामा मोठा कॅमेरा तिच्या हातात देणार होता.

सुरुवातीच्या फोटोंत तिचं बोटच जास्त दिसायचं. मग बोट गेलं, पण समुद्र तिरका यायचा, आता एका बाजूने सांडेल असा. हळूहळू समुद्रही सरळ झाला. मग मात्र उन्नतीला एक वाईट खोड लागली. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जायचं आणि मावळता सूर्य टिपायचा. त्यावर मोबाइलमधलेच रंग चढवायचे, की आकाश जिलेबीसारखं दिसू लागे. ग्रुपवरचे लोक सुंदर, अप्रतिम म्हणायचे. मामा काही म्हणत नसे. एके दिवशी मात्र त्याने फोन केला.

"उन्नते, त्या सूर्याला जरा सुट्टी दे गो. तुझे फोटो बघून मला श्रीखंडावर पाक ओतून खाल्ल्यासारखं मळमळतं."

उन्नती रुसली. मग काय काढू, असं तिने विचारलं. मामा म्हणाला, जे पाहून आपण तोंड फिरवतो, त्याच्याकडे एकदा तोंड करून बघ. आणि एक लक्षात ठेव, फोटोत काहीतरी ओळखीची वस्तू असू दे, म्हणजे बघणाऱ्याला लहान-मोठं कळतं.

उन्नतीला तोंड फिरवण्यासारखं काही सुचेना. तिचं घर मासळीचं. माशाचं पोट फाडून आतडी काढणं तिला पेन्सिलीला टोक काढण्याइतकं साधं होतं. कोळंबी सोलताना हाताला जो चिकटा लागतो तो ती फ्रॉकलाच पुसायची. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासाने बाहेरची माणसं नाकाला रुमाल लावत, तेव्हा तिला त्यांचं हसू यायचं. पण त्या आठवड्यात खाडीवर काहीतरी झालं आहे असं गावात बोलत होते. वरच्या नाल्यातून पुन्हा घाणेरडं पाणी आलं होतं. ते कुठून येतं, कोण सोडतं, हे विचारलं की प्रत्येक जण दुसरीकडे बोट दाखवायचा. उन्नतीने ठरवलं, आज खाडी.

आईला त्या दिवशी बाजाराला जायचं नव्हतं, म्हणून जाताना तिने अंगणातला आईचा मासळीचा टब उचलला. ओळखीची वस्तू म्हणून.

आणि मग तिने पाहिलं. चिखलात बोयी, खाडीतले ते रुपेरी मासे, मरून पडल्या होत्या. इथून तिथवर. त्यांची पोटं फुगून टरारली होती, काहींची फुटली होती आणि आतून करडा रस गळत होता. डोळे दुधासारखे पांढरे. मधूनमधून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, उताण्या पडलेल्या. निवट्या, ज्या एरवी चिखलात टुणटुण उड्या मारतात आणि हाताला लागत नाहीत, त्या बोट लावलं की आतून विरघळल्यासारख्या सुटत होत्या. पाण्याच्या कडेला पिवळट फेस होता, साबणासारखा, पण त्याच्यावर तेलाचे रंग फिरत होते. एक कुत्रा आला, त्याने एक बोय हुंगली आणि मागे सरून तो शिंकला. कुत्र्याने सोडलेला मासा उन्नतीने जन्मात पाहिला नव्हता.

ती वाकली आणि चिखलात ओकली. मासे पाहून ओकारी येते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लोकांना बोंबलांच्या वासाने असंच होत असेल का, असा विचारही तिच्या मनात येऊन गेला आणि तिला तो आवडला नाही.

तोंड पुसून तिने टब चिखलात ठेवला. टब जरा कलता ठेवला, म्हणजे त्याच्या निळ्या रंगावर ऊन पडेल. फुगलेल्या बोयी टबाच्या तोंडापासून पाण्यापर्यंत पसरल्या होत्या. निळा रंग, पांढरे डोळे, पिवळा फेस. तिने दोन्ही हातांनी मोबाइल धरला, श्वास रोखला आणि फोटो काढला. खाली लिहिलं, 'मुरबे, आज सकाळी.'

फोटो खरोखर चांगला होता. मामाने पहिल्यांदाच लिहिलं, 'आता तू बघायला लागलीस.' उन्नतीचे पाय दिवसभर जमिनीवर टेकत नव्हते. टब धुऊन तिने जागेवर ठेवला होता. आईला काही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही.

ग्रुपवरून तो फोटो कोणीतरी दुसऱ्या ग्रुपवर पाठवला, तिथून तिसऱ्या. वाटेत कोणाच्या तरी हातून त्याखाली नवी ओळ चिकटली: 'मुरब्याचे हेच मासे आपल्या बाजारात येतात. सावध राहा.'

दुसरा दिवस रविवार, म्हणजे मासळीचा मोठा दिवस. शाळेला सुट्टी म्हणून उन्नती आईबरोबर बोईसरला गेली. मुरब्याच्या बायका बाजारात एका ओळीत बसत. जमनाने टबातून पापलेटं, मांदेली, कोळंबी काढून मांडली. माल पहाटे बोटीवरून उतरलेला, दूर समुद्रातला. खाडीशी त्याचा काही संबंध नव्हता.

गिऱ्हाइकं येत होती, पण थांबत नव्हती. एरवी भावावरून भांडणाऱ्या बायका आज तोंडाला पदर लावून लांबून जात होत्या. जवळच्याच सालवडला राहणारे कारखान्यातले दोन कामगार थबकले, त्यातला एक म्हणाला, "ये वही फोटोवाली मछली है," आणि ओळीच्या अगदी समोर पचकन थुंकला. जमनाला कळेना कसला फोटो. तेवढ्यात तिला चारुता दिसली. चारुताताई तिचं जुनं गिऱ्हाईक, दर रविवारी यायची. आज ती चार हात लांबच उभी राहिली.

"मावशी, इतकी वर्षं मी तुमच्याकडून नेते," ती म्हणाली, "मुलांना खायला घालते. शी! हे असलं?" आणि तिने हात लांब करून मोबाइल पुढे केला.

जमनाने वाकून पाहिलं. मेलेले मासे तिने बघून न बघितल्यासारखे केले, ते मेलेले आहेत हे तर दिसतच होतं. तिची नजर गेली टबाकडे. टबाचा एक कान तुटला होता आणि तिथे तिने स्वतः पिवळी दोरी बांधली होती.

"ह्यो टब तं माजा हाय," ती मोठ्याने म्हणाली. "ह्यो खाडीवर कोनी नेला?"

तिने हे अगदी सरळपणाने विचारलं होतं. पण ऐकणाऱ्यांना एवढंच ऐकू आलं की टब हिचाच आहे. चारुता ओढणी नाकावर दाबून मागे वळली. बाकीच्यांनीही पाठ फिरवली. ओळीत सगळ्यांत थोरली होती माई, तिचा शब्द मुरब्याच्या बायका मोडत नसत. माईने जमनाकडे असं पाहिलं, जसं कुजलेल्या माशाकडे बघतात.

"जमने, उद्यापासून तू ओळीत बसू नको," माई म्हणाली. "तुजा टब बगून आमची पन मासली कोन घेत नाय."

उन्नती आईच्या मागे बसून कोळंबी सोलत होती. तिने सगळं ऐकलं. तिचे हात थांबले, पण तोंड उघडलं नाही. तिच्यावर रागावू नका. आपल्यालाही वाटतं की वेळ आली की आपण बोलू, आणि वेळ आली की जीभ टाळूला चिकटते.

न विकलेला माल घेऊन मायलेकी रिक्षाने परत आल्या. बाजूला बसलेल्या माणसाने टब पाहून पाय आखडून घेतले. घरी आल्यावर जमनाने मांदेलीला मीठ लावलं, पापलेटं शेजारीपाजारी वाटली. मग ती टब घासायला बसली. चिंच लावून घासला, राख लावून घासला, नाकाशी नेऊन हुंगला आणि पुन्हा घासला. कोणा मेल्याने माझ्या टबात ती घाण भरली, त्याचे हात झडोत, असं ती मधूनमधून बोलत होती. घासून घासून तिची बोटं पांढरी पडली. शेवटी तिने टब अंगणाच्या कोपऱ्यात भिरकावून दिला आणि हात अंगापासून लांब धरून उभी राहिली, जणू हातच तिचे नव्हेत.

उन्नतीने घरामागे जाऊन मामाला फोन केला. तो फोटो सगळीकडून काढून टाक, म्हणाली. मामाने आपल्या ग्रुपवरून तो आधीच काढला होता. पण बाकी ठिकाणी तो कुठे कुठे गेला हे आता देवालाही सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. ती खालची ओळ लिहिणाऱ्याचा त्याला इतका संताप आला होता की त्याला धड बोलता येत नव्हतं. मग त्याने विचारलं, ताईला सांगितलंस का? उन्नतीने नाही म्हटलं. मी सांगतो, असं तो म्हणाला नाही.

संध्याकाळी आई भाताचं आधण ठेवत होती, तेव्हा उन्नती चुलीपाशी जाऊन बसली आणि तिने सांगितलं. टब मीच नेला. फोटो मीच काढला. टबात काही भरलं नव्हतं, नुसता शेजारी ठेवला होता, मासे केवढे ते कळावं म्हणून.

जमनाने ओगराळं खाली ठेवलं. उन्नतीला वाटलं आता थोबाडीत बसणार. आईने मात्र विचारलं, "पन त्या मेलेल्या बोयी हायत, पोटं फुगलेल्या, हे त्यांना दिसला नाय?"

"माला वाटला, दिसल," उन्नती म्हणाली. "सगल्यांना दिसतंच ना."

इथे जरा थांबा, मुलांनो. मुरब्याचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की तो मासा कोणी विकायला ठेवणार नाही. उन्नती तेच धरून चालली. जे आपल्याला लख्ख दिसतं ते जगाला दिसतंच, असं तिला वाटलं, आणि तिच्या आईलाही. बाजारातल्या लोकांना मात्र टब दिसला, मासे दिसले आणि किळस आली. किळस आली की माणूस पुन्हा नीट बघत नाही. आणि ज्या पाण्याची खरी किळस यायला हवी होती, ते तर फोटोत एका कडेला जेमतेम मावलं होतं.

जमना त्या रात्री जेवली नाही. पहाटे बोटीवर माल घ्यायला मात्र गेली, कारण बोट कोणासाठी थांबत नाही. उन्नतीने त्या दिवशी शाळा बुडवली आणि कोपऱ्यातला टब उचलून आणला. आईने तोंड वाकडं केलं, पण ती नको म्हणाली नाही.

माईने त्यांना ओळीत जागा दिली नाही. मायलेकी दूर नळाच्या पलीकडे बसल्या, जिथे बाजाराचं सांडपाणी वाहतं. जमना मान खाली घालून बर्फ पसरत होती. थोड्या वेळाने चारुता दिसली. ती कामावर जायला निघाली होती, आणि त्यांना पाहून तिने वाट बदलली.

उन्नती उठली आणि तिच्या समोर जाऊन उभी राहिली.

"ताई, तो फोटो मी काढलाय," ती म्हणाली. "ते मासे खाडीत मेलेले होते. घाण पाण्यानं. टब मीच शेजारी ठेवला होता. आईनं ते कधी विकायला आणले नाहीत."

चारुताने ऐकून घेतलं. तिच्या नाकावरची ओढणी काही खाली आली नाही. तिने एकदा टबाकडे पाहिलं, एकदा पोरीकडे पाहिलं, आणि काही न घेता ती निघून गेली.

नळाच्या पलीकडून माई बघत होती, ओळीतल्या सगळ्याच बघत होत्या. उन्नतीच्या पायांखालून सांडपाणी वाहत होतं. तिने फ्रॉकला हात पुसले. समोरून पिशवी घेतलेली आणखी एक बाई येत होती, तिने टब पाहून आतापासूनच पदर तोंडाकडे नेला होता. उन्नती तिच्याकडे गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.