मावशीचं पूर्ण नाव

"आणि ही, एप्रन घातलेली?" केओनी अंकलनी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"मावशी!" देवयानी खुर्चीतून उठलीच. "मोहन, अरे बघ ना, आमची मावशी!"

मी चहाचा कप घेऊन लॅपटॉपपाशी गेलो. जुना काळा-पांढरा फोटो होता. मोठमोठी पातेली आणि त्यांच्यामागे अकरा बायका. केओनी अंकल देवयानीच्या गावातले निवृत्त शिक्षक. गावाच्या इतिहासाचं दोन खोल्यांचं संग्रहालय ते हौसेने चालवतात. सत्तरच्या दशकात साखर कारखान्यात संप झाला, तेव्हा या बायकांनी अख्ख्या गावासाठी रांधलं होतं. तो फोटो आता भिंतीवर लागायचा होता आणि खालची नावांची पाटी शनिवारी छापायला जायची होती.

"मावशी," असं म्हणत अंकलनी लिहून घेतलं. "आणि आडनाव?"

देवयानी पुन्हा खुर्चीत बसली.

"अंकल, मावशी हे नाव नाही," ती म्हणाली. "नाव... मला माहीत नाही."

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या मराठी मंडळात कुणी भेटलं, की पहिला प्रश्न असतो, गाव कुठलं? देवयानी सांगते, हवाई. समोरचा हसतो आणि पुन्हा विचारतो, "नाही हो, मूळ गाव?" ही पुन्हा हवाईच सांगते. लग्नाआधी मलाही वाटलं होतं की पोरगी भाव खातेय. पण ते खरंच होतं. माझे सासरे, दिगंबर आरवाडे, सांगलीकडचे साखरेतले केमिस्ट. ते हवाईतल्या एका साखर कारखान्यात गेले आणि तिथलेच झाले. देवयानी आणि तिचा भाऊ अवधूत तिथेच जन्मले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ऊस, मध्ये पत्र्याच्या घरांची वस्ती. जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज आणि एक घर आरवाड्यांचं.

सासूबाई पहिलं वर्षभर नुसत्या रडत होत्या म्हणे. मग एक दिवस शेजारच्या परसात त्यांना शेवगा दिसला. शेजारीण फिलिपिनो होती. त्यांच्यात शेवग्याचा पाला खातात, शेंगांचं तेवढं कौतुक नाही. सासूबाईंनी खुणेनेच शेंगा मागितल्या आणि संध्याकाळी वाटीभर आमटी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती पाल्याच्या भाजीने भरून. तेव्हापासून ती बाई मुलांची मावशी झाली.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. सासूबाईंचं मोठं ऑपरेशन झालं आणि दीड महिना त्या हिलो शहरातल्या हॉस्पिटलमध्ये होत्या, तेव्हा दोन्ही मुलांना मावशीने सांभाळलं. स्वतःची चार असताना. देवयानीच्या वेण्या घातल्या, अवधूतला गोवर आला तर रात्रंदिवस उशाशी बसली. पुढे देवयानी शिकायला बाहेर पडली, नव्वदच्या दशकात कारखाना बंद झाला, सासूसासरे इकडे आले. मावशीला लिहिता येत नव्हतं. अधूनमधून फोन व्हायचा, मग तोही थांबला. मावशी गेल्याचं यांना सहा महिन्यांनी कळलं. आता सासूसासरेही नाहीत.

त्या रविवारी आम्ही सासूबाईंची फोनची वही काढली. 'म'च्या पानावर 'मावशी' एवढंच लिहिलेलं होतं आणि पुढे बंद पडलेला नंबर. सांता क्लाराला अवधूतला फोन केला.

"मावशीचं नाव? मावशी म्हणजे मावशी यार, तिला कशाला नाव?" तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "ताई, शिट. खरंच नाही माहीत."

देवयानी फार्मसीच्या काउंटरवर काम करते. औषध घ्यायला आलेल्या प्रत्येकाला पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारायची, हे तिचं वीस वर्षांचं काम.

"दिवसाला दोनशे लोकांना नाव विचारते मी," ती म्हणाली. "आणि जिने मला भरवलं, तिला एकदाही विचारलं नाही. आता ती भिंतीवर 'अनोळखी स्त्री' म्हणून लागणार. माझ्यामुळे!"

ती हुंदके देऊन रडायला लागली. मोठ्यांना नावाने हाक मारायची नाही, हे आपल्याकडचं वळण. तिथे हवाईतही सगळे अंकल आणि आंटी. दोन्हीकडच्या चांगल्या वळणांनी मिळून तिचा घात केला होता.

मग तिने डोळे पुसले आणि कागदावर वस्तीचा नकाशा काढला. कारखान्याचा भोंगा, त्याखालचा रस्ता, पाण्याची टाकी, तिसरं घर, मागे शेवगा. फोटो काढून तो अंकलना पाठवला. "झाड असेल अजून. प्लीज, जाऊन बघाल?"

शुक्रवारी दुपारी अंकलचा फोन आला. स्क्रीनवर त्यांच्याशेजारी पस्तिशीतली एक बाई बसली होती. मोना, मावशीची नात. ती त्याच घरात राहत होती.

"फ्लोरेंतिना," मोना म्हणाली. "माझ्या आजीचं नाव फ्लोरेंतिना आग्बायानी."

देवयानीने ते नाव स्वतःशी दोनदा उच्चारलं. "थँक यू," ती म्हणाली. "थँक यू, मोना. तिला कधी म्हणायचं राहूनच गेलं."

"मलाही एक विचारायचंय," मोना जरा संकोचून म्हणाली. "फोटोत आजीशेजारी डोळे मिटलेली बाई आहे ना, साडीतली? संपवाल्यांना जेवायला घालायला साहेबलोकांच्या घरांतून एकटी तीच आली, असं आजी सांगायची. आजी तिला आदिंग म्हणायची. म्हणजे आमच्या भाषेत धाकटी बहीण. वयाच्या नव्वदीपर्यंत आजीने तिची आठवण काढली. पण आम्हाला कुणालाच तिचं नाव माहीत नाही."

देवयानी माझ्याकडे बघायला लागली. त्या घोळक्यात आपली आई आहे, हे मावशीच्या नादात तिने नीट पाहिलंच नव्हतं. बारा वर्षं सासूबाई आमच्या घरात राहिल्या. मी त्यांना आई म्हणायचो, मुलं आजी म्हणायची, बँकेच्या कागदांवर त्या मिसेस डी. आरवाडे होत्या. त्यांचं नाव आमच्यापैकी कुणी कधी उच्चारलंच नव्हतं.

"शोभना," देवयानी म्हणाली. अक्षर न् अक्षर स्पष्ट होतं. "माझ्या आईचं नाव शोभना."

अंकलनी खाली मान घालून लिहून घेतलं. मग चष्मा सावरून वाचून दाखवलं, "डावीकडून तिसऱ्या फ्लोरेंतिना आग्बायानी. त्यांच्या शेजारी शोभना आरवाडे. बरोबर?"

"बरोबर," देवयानी म्हणाली. "अंकल, पुन्हा एकदा वाचता?"

त्यांनी पुन्हा वाचलं.