सहा मिलीमीटर

"साहेब, मशीनचा हात पुरा खाली येत नाय." लहानीनं तिसऱ्यांदा सांगितलं.

रविंद्रनं मोबाइलमधून मान वर काढली नाही. "स्क्रीनवर सहा मिलीमीटर दिसतंय ना? मग येतोय."

"ते आपण सांगितलेलं सहा. त्यानं केलेलं खाली लिवलंय. साडेचार."

"जुनं मशीन आहे ताई. तेवढं चालतं."

लहानीनं कपाळावर हात मारला. मुरबाडच्या त्या कारखान्यात ट्रॅक्टरच्या ब्रेकची पेडलं बनत. दर खेपेतलं एक पेडल या मशीनखाली धरायचं. मशीनचा लोखंडी हात ते पाच लाख वेळा दाबणार. टिकलं, तर माल बाहेर. लहानी एकोणीस वर्षांपूर्वी इथं झाडू मारायला लागली. कागदोपत्री अजूनही सफाईलाच होती, पण आधीचे तिन्ही इंजिनिअर तिच्या भरवशावर निवांत जेवायला जात. कल्याणहून आलेल्या रविंद्रला जेमतेम महिना झाला होता. सेकंदाला दोन हेलकाव्यांनी चाचणीला तीन दिवस लागत; त्यानं या आठवड्यात आठ लावून ती एका दिवसात आणली होती. त्या घाईत मशीनच्या हाताला तळ गाठायला सवडच मिळत नव्हती.

तिनं खांबाला कागद चिकटवला, मशीनच्या हाताला पेन बांधलं. कागदावर उभी रेघ उमटली. पट्टी लावली, साडेचार.

"आता तरी बघा!"

"पेनाचं काय खरं धरता हो?" रविंद्र वैतागला.

"मग खरं कशाचं धरू? म्हशाच्या जत्रंला याच ट्रॅक्टरमागं माणसं भरून ट्राल्या जातात. उतारावर डायवर काय हलक्या पायानं ब्रेक मारतो?"

तिनं लाल बटण दाबलं. खोली एकदम गप्प झाली.

रविंद्रनं पट्टी घेऊन ती रेघ स्वतः मोजली. मग त्यानं आठचे दोन केले आणि नवं पेडल चढवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन लाख अकरा हजारांवर, पेडल कटकन मोडलं. त्याच आठवड्यात पास केलेली तीन खेपांची पेडलं ट्रकमधून उतरवावी लागली.

मॅनेजर तणतणत आले. "चालू मशीन कोणी बंद केलं?"

रविंद्रनं मोबाइलमध्ये मान घातली.

"मी," लहानी म्हणाली.

"तुमचं काम काय, तुम्ही करता काय!"

मोडलेल्या पेडलाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी मशीनसमोर जमिनीवर पिवळा पट्टा मारला गेला. इंजिनिअरशिवाय कोणी तो ओलांडायचा नाही.

सोमवारी रविंद्रनं नवं पेडल चढवलं. सहा टाकलं, दोन टाकलं. बटणावर बोट नेलं आणि ते तसंच राहिलं. त्यानं मागं वळून पाहिलं.

लहानी पट्ट्याच्या अलीकडे उभी होती, हात पाठीमागं बांधून.

"ताई, त्या दिवशी... मी बोलायला पाहिजे होतं."

"आधी मशीनचा हात मधोमध आणा, साहेब," ती म्हणाली. "सावकाश. एकदम सोडला तर झटका बसंल पेडलाला."

त्यानं आणला.

"आता करा चालू."