लाल दिव्यावरचा मारोती
सौंसर सुटलं तसा गाडीत जळका वास येऊन राहिला होता. मी सासऱ्यांना म्हटलं, “मामाजी, गाडी थांबवा न, इंजिन तापून राहिलं.”

“तापलं असतं तर लाल दिवा नसता लागला का? जास्त शहाणपणा नोको करू!”

तिगावपाशी बोनेटातून भसाभस वाफ निघाली, गाडी बंद. मामाजी उतरले. माझ्या बाजूचं दार बाहेरूनच उघडते, म्हणून मी आतच उकडत बसली. रागानं वाकून स्टेअरिंगमागचं मारोतीचं स्टिकर ओढलं, जामसांवलीच्या मारोतीच्या देवळातून आणलेलं. त्याखाली लाल दिवा जळून राहिला होता.

इंजिन थंडावल्यावर त्यांनी पाणी ओतलं अन् गाडी चालू केली. दिवा तसाच लाल.

“दार उघडा, मी उतरते!”

मामाजींनी माझ्या हातातलं स्टिकर घेतलं, कपाळाला लावलं अन् परत तिथंच चिकटवलं.

“पाहा, कुठं लागला दिवा?”

गाडी निघाली.