सड्यावरचं धुकं

सयाजी इटलीच्या आघाडीवरून परतला तो पंचेचाळीसच्या आश्विनात. तोफांच्या आवाजानं तो डाव्या कानानं बहिरा झाला होता. रजा महिन्याची, पण कुंडलच्या घरात अठरा माणसं, त्यामुळं तीन आठवड्यांत बायकोशी, मनुबाईशी, त्याचं धड बोलणंही झालं नाही. मग साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या त्याच्या अंबूमावशीनं दोघांना चार दिवस बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवून दोघं डोंगर चढायला निघाली.

"ऊन हाय तवर माघारी या," मावशी म्हणाली. "धुकं आलं की वर कायबी दिसत न्हाई. आन् कडा लय वंगाळ हाय."

वर सपाट सडा होता. काळा कातळ, त्यावर बोटभर माती, वाळत आलेलं गवत. झाड एक नाही. बघणारं कुणी नाही असं कळल्यावर मनुबाई मागं चालायचं सोडून त्याच्या उजव्या अंगाला आली.

सयाजीनं विचारलं, "पोर किती दिस आजारी हुती?"

तो लढाईवर गेल्यावर मुलगी झाली आणि दीड वर्षाची होऊन तापानं गेली. दिरानं पत्रात एकच ओळ लिहिली होती.

"पाच दिस," मनुबाई म्हणाली.

सयाजी झपाझपा पुढं निघून गेला. तेवढ्यात धुकं आलं आणि तो दिसेनासा झाला.

"आवं!" तिनं हाक मारली.

धुक्यात कुठंतरी एक गवळीण म्हशी वळत होती. तीही नवऱ्याला "आवं!" म्हणूनच हाका घालत होती. एका कानानं सयाजीला हाकेची दिशा उमगेना. त्याच्या बुटांचे खिळे कातळावर वाजत दूर चालले होते, आणि त्याच बाजूनं खालून वर येणारा गार वारा मनुबाईच्या तोंडावर आला. तिकडं कडा होता.

लग्नाला सात वर्षं झाली होती. उखाण्याखेरीज तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"सयाजी!" ती ओरडली. "सयाजी, हाय तितंच थांब!"

बूट थांबले. चाचपडत ती त्याच्यापाशी पोहोचली, सदरा धरून त्याला खाली बसवलं आणि शेजारी बसली.

तो म्हणाला, "म्या तिला बघितलीच न्हाई. कशी हुती?"

"केस लय दाट. शेळी बघितली की हसायची. तुमच्यावानी डावरी."

ती सांगत राहिली. त्यानं टोपी तोंडावर धरली होती.

धुकं विरलं तेव्हा कडा चार हातांवर होता. दोघं उठून खाली उतरली. उशीर झाला म्हणून मावशी खूप बोलली. मनुबाईनं ऐकून घेतलं आणि दोन भाकरी खाल्ल्या.

फाल्गुनात सयाजी पलटण सोडून कायमचा घरी आला. त्या सड्यावर मात्र ती दोघं पुन्हा गेली नाहीत.