तेलाचा आळ

मला पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास वेळ विचारतो. गोल पितळी कडं, वर काच, आत आकडे आणि मधोमध एक काळा काटा. त्याची तरी काय चूक? पण मित्रांनो, मी घड्याळ नाही. मी मोटारगाडीच्या इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारा एक जुना मीटर आहे. माझ्या पोटात एक वाकडी, पोकळ नळी आहे. इंजिनातलं तेल जोरानं तिच्यात शिरलं की ती सरळ व्हायला बघते आणि माझा काटा वर चढतो. जोर कमी झाला की काटा खाली उतरतो. मला एवढंच बोलता येतं.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं मला एका हिरव्या, कापडी टपाच्या मोटारीत, चालकाच्या नजरेसमोर बसवलं. बोटीनं मुंबई आणि पुढं रेल्वेनं सोलापूर, असा प्रवास करून १९२६ साली मी या गावात आलो. मोटार घेतली होती मुरारजी पेठेतल्या आबासाहेबांनी. ते कापसाचे व्यापारी. माणूस मनानं वाईट नव्हता, पण एकदा मत झालं की ते बदलायला फार उशीर लावायचा.

गाडी चालवायला सिद्रामप्पा होता. तो आधी टांगा हाकायचा, म्हणून इंजिनाशीही तो घोड्याशी बोलावं तसं बोले. रोज सकाळी खांद्यावरच्या फडक्यानं माझी काच पुसायचा आणि विचारायचा, "काय राव, बरं हाय का?" मग इंजिन सुरू करायचं हँडल मारायचा. माझा काटा वर गेल्याशिवाय त्यानं कधी गाडी हलवली नाही. असं कौतुक मला पुन्हा कुणाकडून मिळालं नाही.

दुसऱ्या वर्षी थंडी जरा जास्तच पडली. पहाटे इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट व्हायचं आणि हँडल मारून मारून सिद्रामप्पाचं मनगट सुजायचं. आबासाहेबांनी एका दुकानातून नव्या तेलाचा मोठा डबा आणला. दुकानदार म्हणाला होता, "हे घाला, गाडी फुलासारखी सुरू होईल." आणि झालंही तसंच. तेल पातळ होतं, दोन फेऱ्यांत इंजिन सुरू व्हायला लागलं. माझा काटाही पस्तिसावर छान उभा राहायचा. सगळे खूश. तसले आणखी दोन डबे घरात येऊन पडले.

मग थंडी सरली आणि आमचा सोलापुरी उन्हाळा आला. ज्यांनी तो सोसला आहे त्यांना सांगायला नको. चैत्रातच दुपारी गाडीच्या पत्र्याला हात लावता येईना. सकाळी पस्तिसावर असलेला माझा काटा दुपारी वीसवर येऊ लागला, मग पंधरावर. सिद्रामप्पाच्या ते लगेच ध्यानात आलं.

"मालक, काटा उतरायलाय," तो म्हणाला. "आणि तेलबी लौकर सरायलंय. काय तरी बिघडलंय बघा."

आबासाहेबांनी माझ्या काचेवर बोटानं दोनदा टकटक केलं. "परदेशी वस्तू आहे. आपल्या उन्हानं बिघडली असेल. तू नको लक्ष देऊस."

मित्रांनो, खरं तेच दाखवत असताना आपण बिघडलो आहोत असं ऐकावं लागलं, तर किती लागतं म्हणून सांगू! पण माझं दुःख ते काय? खरी वेळ आली ती सिद्रामप्पावर.

हिवाळ्यात एक डबा दोन महिने पुरला होता. उन्हाळ्यात दुसरा तीन आठवड्यांत तळाला गेला. वैशाखातल्या एका शनिवारी आबासाहेब डबा हलवून बघत अंगणात आले. तिथं चार हमाल होते, शेजारचे दोघे गप्पा मारत बसले होते. त्या सगळ्यांसमोर ते म्हणाले, "सिद्रामप्पा, हे तेल गाडी पिते का तू विकतोस?"

सिद्रामप्पाच्या हातातलं फडकं खाली पडलं. "मालक, बारा वर्सं टांगा हाकला. घोड्याच्या चंदीतला दाणाबी कधी उचलला न्हाई मी."

"मग तेल गेलं कुठं?"

तेल रोज कमी होत होतं हे खरं होतं, आणि ते कुठं जातं हे त्याला ठाऊक नव्हतं. चोर असता तर त्यानं काहीतरी थाप तरी मारली असती. त्यानं पडलेलं फडकं उचलून खांद्यावर टाकलं.

ओसरीवरून आबासाहेबांच्या आई, सोजरबाई, म्हणाल्या, "आबा, घाई करू नगंस." पण आबासाहेबांचं मत झालं होतं. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. उरलेला डबा त्यांनी स्वतःच्या हातानं कपाटात ठेवून कुलूप लावलं. सिद्रामप्पा माझ्याकडं न बघताच निघून गेला.

त्या दिवशी त्याच्या घरी काय झालं ते मला मागाहून गाडीतल्या बोलण्यातून कळलं. तो जेवला नाही, भिंतीकडं तोंड करून बसला. त्याची बायको रत्नम्मा त्याच्याजवळ येऊन बसली. मग ती म्हणाली, "तुमी चोरलं न्हाई. मंग तेल कुटं तरी गेलंयच की. ते कुटं गेलं ते हुडका. बसून काय हुतंय?"

त्यांच्या शेजारी नरसय्या राहायचा. तो कापडगिरणीत यंत्रांना तेल घालायचं काम पंधरा वर्षं करत होता. सिद्रामप्पा आपलं तेलकट फडकं घेऊन त्याच्याकडं गेला. नरसय्यानं ते दोन बोटांत चोळलं, नाकाला लावलं आणि म्हणाला, "अय्यो! हे तेल तू मोटारीत घालायलास? हे तर आमच्या चात्यांच्या तेलासारखं पातळ हाय की."

"चाती म्हंजी?"

"सूत कातायला भराभर फिरत्यात त्या. त्यांना पातळ तेलच लागतं. पण मोठं, तापणारं इंजिन हाय ना, त्याला हे चालत नाही. आधीच पातळ, त्यात हे ऊन. पाण्यासारखं होतं, फटीत राहत नाही, वर चढून जळून जातं. तुझ्या गाडीचा धूर निळा येतो काय?"

"येतो की!" सिद्रामप्पा उठून उभाच राहिला. "महिना झाला, निळा येतो!"

"मग तेच तुझं तेल. धुरातून चाललंय."

दुसऱ्या दिवशी रविवार, गिरणीला सुट्टी. दोघं सकाळीच दुकानात गेले. नरसय्यानं तीन डबे उघडायला लावून बोटांनी तेल पारखलं आणि उन्हाळ्यात चालणारं जाड तेल निवडलं. ते मालकाला दाखवावं, म्हणून सिद्रामप्पानं तो डबा पदरमोड करून घेतला. दोघं मुरारजी पेठेत पोचले तर अंगण रिकामं. आबासाहेब आईला घेऊन, स्वतः गाडी चालवत, अक्कलकोटला निघून गेले होते. सोजरबाईंच्या बहिणीच्या नातीचं लग्न होतं, गोरज मुहूर्तावर.

"या उन्हात! त्या तेलावर!" सिद्रामप्पा म्हणाला. आदल्या दिवशी ज्यानं चोर म्हटलं, त्याची गाडी बिघडली तर याचं काय जात होतं? पण तो नरसय्याला ओढतच अक्कलकोटला प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या थांब्याकडं गेला.

इकडं आमची गत ऐका. निघताना आबासाहेबांनी तेल मोजायची पट्टी इंजिनात बुडवून बघितली होती. वरच्या खुणेपर्यंत तेल त्यांनी स्वतः भरलं होतं आणि डबा पुन्हा कपाटात बंद केला होता. आता तेल कसं कमी होतं ते बघू, असं त्यांच्या मनात होतं. त्यातून लग्नाची घाई. रिकाम्या पांढऱ्या रस्त्यावर त्यांनी गाडी अशी पळवली की सिद्रामप्पानं कधी पळवली नसती. कुंभारी गाव मागं पडलं. मी वीसवर आलो, मग बारावर. मागं निळा धूर सुटला होता. मी आठवर आलो, चारवर आलो. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मी फक्त खाली जाऊ शकतो, आणि तेवढं मी जिवापाड करत होतो.

"आबा," शेजारी बसलेल्या सोजरबाई म्हणाल्या, "त्यो काटा बघ, पार बुडाला."

"तो बिघडलाय, आई."

वळसंग मागं टाकून थोडंच पुढं गेलो असू, तोच इंजिनात वाजायला लागलं. टक. टक. टक. माझा काटा शून्याला टेकला होता. सोजरबाईंनी मुलाचा दंड घट्ट धरला. "थांबव म्हणते ना! काटा पडला की सिद्रामा गाडी हुबी करायचा. मी बघितलंय."

आबासाहेबांनी गाडी थांबवली. खाली उतरून पट्टी ओढली. तिच्या टोकाला तेवढा तेलाचा डाग होता, बाकी कोरडी. त्यांनी पट्टी पुसून पुन्हा बुडवली. पुन्हा तेच. सकाळी काठोकाठ भरलेलं तेल, भरणारे ते स्वतः, कुलपाची किल्ली त्यांच्याच खिशात.

"गेलं कुठं?" ते पुटपुटले.

सोजरबाई लिंबाच्या सावलीला जाऊन बसल्या होत्या. तिथून त्या म्हणाल्या, "आता माझी झडती घे. दुसरं कोण हाय हितं?"

आबासाहेबांची मान खाली गेली. सोबत तेल नव्हतं, डबा घरी कपाटात होता. ऊन डोक्यावर आलं. एका मेंढपाळानं तांब्याभर पाणी आणून दिलं. मायलेकरांनी ते घोट घोट घेतलं. तो गेल्यावर रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. मला वाटलं, इंजिन कायमचं गेलं, आणि त्याच्याबरोबर मीही.

किती वेळ गेला ठाऊक नाही. सोलापूरच्या बाजूनं धुळीचा लोट उठला. सर्व्हिस मोटार आली, करकचून थांबली, आणि तिच्यातून डबा घेऊन सिद्रामप्पा उतरला. मागं नरसय्या.

सिद्रामप्पा मालकाकडं गेला नाही. सरळ इंजिनाकडं आला, झाकण उघडून आत वाकला. "वाजायला लागल्यावर किती येळ पळवली, मालक?"

"लगेच थांबवली. आईनं थांबवायला लावली."

"मंग वाचली असंल," तो म्हणाला.

इंजिन निवेपर्यंत सगळे लिंबाच्या सावलीला बसले. मग सिद्रामप्पानं गाडीखाली शिरून उरलंसुरलं तेल काढलं. नरसय्यानं आबासाहेबांना जवळ बोलावलं. एका काडीवर जुनं तेल घेतलं, दुसरीवर नवं, आणि दोन्ही काड्या तापलेल्या पत्र्यावर उभ्या धरल्या. जुनं तेल पाण्यासारखं ओघळून गेलं. नवं सावकाश, धार धरून उतरलं.

"साहेब, तेल वाईट नव्हतं," नरसय्या म्हणाला. "थंडीला चांगलंच हाय. उन्हाळ्याला जाड पाहिजे. उन्हात तेच जरा पातळ होतं आणि बरोबर बसतं."

आबासाहेबांनी नवा डबा हातात घेतला. त्यावर इंग्रजीत छापलं होतं, 'उष्ण हवेसाठी'. त्यांनी ती अक्षरं दोनदा वाचली. "जुन्या डब्यावरही असंच काही होतं," ते म्हणाले. "थंड हवेसाठी, असं. मला वाचता येतं, आणि मी वाचलं नाही."

सिद्रामप्पानं नवं तेल भरलं, पट्टी बघितली आणि हँडल घातलं. मग जोर लावून फिरवलं. इंजिन सुरू झालं. माझा काटा जागचा हलेना. जाड तेलाला माझ्यापर्यंत यायला जरा वेळ लागतो, पण तो क्षण मला युगासारखा वाटला. मग ते आलं. माझी नळी ताणली गेली आणि काटा उठला. दहा. वीस. तीस. चाळीस! इंजिनात वाजत नव्हतं. धूर येत नव्हता.

"वाचलो!" सिद्रामप्पा म्हणाला आणि तिथंच धुळीत मटकन बसला. सोजरबाईंनी हात जोडले. नरसय्या हसत होता.

आबासाहेब सिद्रामप्पासमोर उकिडवे बसले. व्यापारी माणूस, स्वच्छ धोतर, पण बसले. "सिद्रामप्पा, माझं चुकलं. तुला काय देऊ सांग."

"द्यायचं काय न्हाई, मालक. तुमी चारचौघांत बोलला. चारचौघांत सांगा, बास."

गाडी सिद्रामप्पानंच चालवली. सगळी वाट मी चाळिसाच्या आसपास राहिलो. आम्ही अक्कलकोटला पोचलो तेव्हा अंतरपाट अजून धरायचा होता. सोजरबाई लगबगीनं नवरीकडं गेल्या. पुढचं मी मांडवाबाहेरून ऐकलं. पंगत बसली तेव्हा आबासाहेबांनी सिद्रामप्पाला आणि नरसय्याला आपल्या दोन्ही बाजूंना बसवलं आणि मोठ्यानं सांगितलं, "मंडळी, या माणसाला मी काल चोर म्हणालो. तेल चोरलं होतं माझ्या अडाणीपणानं. आज याच्यामुळं आम्ही इथं जेवतोय." सोमवारी सकाळी हेच त्यांनी आपल्या अंगणातही सांगितलं, त्याच हमालांना आणि त्याच शेजाऱ्यांना.

पुढं आठ-नऊ वर्षं ती गाडी चालली. दर होळीनंतर जाड तेल आणि दिवाळीनंतर पातळ, हा नियम कधी चुकला नाही. मग नव्या गाड्या आल्या आणि आमची हिरवी मोटार मोडीत निघाली. इंजिन एकीकडं, चाकं दुसरीकडं गेली. मला सिद्रामप्पानं मागून घेतलं. स्टेशनजवळ त्यानं लहानसं दुरुस्तीचं दुकान काढलंय, तिथं मी फळीवर असतो. आता माझ्यात तेल येत नाही. काच तडकली आहे, धूळ बसते, पुसायला रोज कुणाला सवड नसते. मनाला कधी कधी वाईट वाटतं. पण गिऱ्हाईक आलं की सिद्रामप्पा आधी विचारतो, "तेल कुटलं घातलंय? उन्हाळा सुरू झालाय," तेव्हा बरं वाटतं.

मित्रांनो, यंत्रं मुकी असतात, पण खोटं बोलत नाहीत. हवा बदलली की त्यांना काय हवं ते बघा. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर नरसय्यासारख्या जाणकाराला विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि एखाद्या कष्टाच्या माणसाला एखाद्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, म्हणून त्याला चोर ठरवू नका. त्याच्या शेजारी बसा आणि उत्तर दोघं मिळून शोधा.