एगबर्टच्या पेट्या आणि मिस युलाली

समुद्रकाठच्या अनॉटो बे गावात लॅसेल्स मकॅलाची साउंड सिस्टिम होती आणि तिच्यावर रेकॉर्ड लावायचं काम माझ्याकडे होतं. लॅसेल्सला माणसं जमवता यायची, मला गाणी निवडता यायची. कमी होती ती खर्जाची. आमच्या स्पीकरच्या जुन्या पेट्या बंदिस्त अंगणात बऱ्या वाजत, पण मोकळ्यावर गेलं की समुद्राचा वारा सगळा खर्ज गिळून टाकायचा. त्या वर्षी ईस्टर सोमवारचा दुपारचा नाच क्रिकेटच्या मैदानावर ठरला, तेव्हा लॅसेल्स मला घेऊन एगबर्ट टुलॉककडे गेला.

एगबर्ट कपाटं बनवायचा. चाळिशी ओलांडलेला, एकटा, बोलायला कंजूष.

"किंग्स्टनला पाहिल्या मी," लॅसेल्स हात उंच करून म्हणाला. "माणूस आत उभा राहील एवढ्या. तशाच दे."

"वाजवणार कुठे?"

"क्रिकेटच्या मैदानावर."

"तिथे आवाज परतवायला भिंत नाही. पेटी उंच नको, खोल हवी. आणि खाली समोरच्या बाजूला एक तोंड ठेवतो, म्हणजे स्पीकरच्या पडद्यामागे कोंडलेली हवाही कामाला लागेल. प्लायवूड मात्र जाड घ्यायचं."

"जाड? मग उचलणार कोण?"

"तू नाही, एवढं मला माहीत आहे."

लॅसेल्सने हट्ट सोडला नाही. शेवटी पातळ प्लायवूडच्याच दोन पेट्या झाल्या. दिसायला देखण्या. एगबर्टच्या कारखान्याच्या ओट्यावर ठेवून मी पहिली रेकॉर्ड लावली, आणि आतून कुणीतरी पत्रे हलवतंय असा आवाज आला.

तेवढ्यात शेजारच्या मिस युलाली पॅरिस तरातरा आल्या. त्या कपडे शिवायच्या. लहानपणी तापात त्यांचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ वाचायच्या आणि जाड, सपाट आवाजात बोलायच्या.

"बंद करा ते. माझी बटणं टेबलावरून चालत निघालीत."

लॅसेल्सला हसू आवरेना. "मिस युलाली, तुम्हाला आवाजाचा त्रास होतो?"

"आवाज तुमच्याजवळ ठेवा. माझ्या टेबलाचं बोला."

बोलता बोलता त्यांनी पेटीच्या बाजूवर तळवा टेकला आणि तिथेच थबकल्या. तळवा मधे नेला, कडेला नेला, परत मधे आणला. "हिचं पोट सुटलंय."

एगबर्टचा चेहरा पडला. "मिस, कपड्याची गोष्ट वेगळी, पेटीची वेगळी."

त्या वाद घालत बसल्या नाहीत. घरातून शर्टाच्या बटणांचा डबा आणला, पेटी आडवी करायला लावली, बटणं वर पसरली आणि मला खूण केली. मी रेकॉर्ड लावली. मधली बटणं टणाटण उड्या मारत कडेला सरकली आणि तिथे शहाण्यासारखी बसून राहिली. मधोमध लाकूड उघडं पडलं.

एगबर्टने त्या उघड्या जागेवर पेन्सिलीने खूण केली. मग त्याने मागची फळी काढली आणि दोन्ही बाजूंना जोडणारा जाड आडवा दांडा सरस आणि स्क्रू लावून आत बसवला. दुसऱ्या पेटीतही तसंच केलं. सरस सुकल्यावर आम्ही पुन्हा वाजवलं. खर्ज असा आला की लॅसेल्सने टोपी काढून हातात घेतली.

युलालींचा तळवा मात्र अजून पेटीवरच होता. "आत काहीतरी खुळखुळतंय."

"आता शक्य नाही," एगबर्ट म्हणाला.

"उघडा."

त्याने उघडली. आत त्याचाच स्क्रूड्रायव्हर पडला होता. त्याने तो निमूटपणे खिशात घातला. त्या खो खो हसल्या, आणि मग तोही हसला. एगबर्टला हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

ईस्टर सोमवारी मैदान गच्च भरलं. ईस्टरचं बन-चीज खात, तळलेल्या माशांसाठी रांगेत उभे राहून लोक पाय हलवत होते. युलाली पिवळ्या झग्यात आल्या. पेट्यांसमोर पोचल्या, बूट काढले आणि गवतावर अनवाणी उभ्या राहिल्या. हळूहळू त्यांच्या खांद्यांत ठेका उतरला. एगबर्ट पेटीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. त्या सरळ त्याच्यापुढे गेल्या.

"चला, नाचू."

"मला नाचता येत नाही."

"मला ऐकू येत नाही. फिट्टंफाट."

तो ओढल्यासारखा गेला. थोड्या वेळाने त्यांचा आवाज मला ऐकू आला, कारण त्यांना तो हळू करता येत नसे. "डावा पाय उशिरा येतोय हो तुमचा."

मी ती रेकॉर्ड परत लावली. मग पुन्हा एकदा. रांगेतले लोक कुरकुरायला लागले, लॅसेल्स माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागला, पण एगबर्टचा पाय नुकता कुठे जागेवर यायला लागला होता, मी काय करणार?

सामान आवरताना लॅसेल्सने एगबर्टला गाठलं. "आणखी चार पेट्या हव्यात. लवकर."

"लवकर जमणार नाही. घर रंगवायचं आहे."

"कुणासाठी?"

एगबर्टने नुसतं पेट्यांसमोरच्या गवताकडे पाहिलं. युलाली तिथे बूट शोधत होत्या.

पुढच्याच शनिवारी लॅसेल्स स्वतः ब्रश घेऊन एगबर्टच्या घराला हिरवा रंग देत होता.

"लग्न लांबवू नकोस," शिडीवरून तो म्हणाला. "मला ऑगस्टच्या आत पेट्या पाहिजेत."

"तो कोपरा राहिला बघ," एगबर्ट खालून म्हणाला.