मुक्या सोमवारची आंबील

श्रावणातला तिसरा सोमवार. चंद्राबाईचा मुका सोमवार. संध्याकाळी महादेवाला बेल वाहून ताटावर बसेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा तिचा तेवीस वर्षांचा नेम. सकाळी सून सेजल मडकं घेऊन चुलीपाशी आली. दोनच दिवसांपूर्वी ती मुंबईहून पोलादपूरला उतरून वाडीवर आली होती.

"आई, हे फसफसलंय. वास बघा केवढा! टाकून देऊ ना?"

चंद्राबाईने डोळे वटारले, जोरजोरात हात हलवला. सेजलला वाटलं, लवकर ने म्हणतायत. तिने मडकं परसात उपडं केलं आणि साबणाने घासून लख्ख करून आणलं.

चंद्राबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सहदेवाची आंबील होती.

न्यूमोनियाने तिचा नवरा सहदेव महाडच्या दवाखान्यात अठरा दिवस पडून होता. औषधांनी ताप गेला, पण पोटाची पार वाट लागली. कधी चार दिवस घट्ट, कधी दिवसातून सहा वेळा धाव. अंगावरचं मांस झडून गेलेलं. डॉक्टर अनुपमाबाई म्हणाल्या होत्या, "औषधाने वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगलेही मेले, मावशी. उरलेत त्यांना खायला घाला. नाचणी कोंड्यासकट दळा, भिजवून आंबवा, मग शिजवून द्या. कोंडा आपल्याला पचत नाही, त्या जंतूंना पचतो. आतड्यात तो आंबतो, त्यावरच आतडं सावरतं. पण शनिवारी वजन आणखी उतरलं, तर पुन्हा भरती करावं लागेल."

काल कुठे पहिल्यांदा सहदेव पोट न दाबता परसातून परतला होता.

नवं भिजवायला चंद्राबाईने पिठाचा डबा उघडला. आत पीठ पावडरीसारखं मऊ.

"मीच वस्त्रगाळ केलं," सेजल कौतुकाने म्हणाली. "बाबांना बाधायला नको. केवढा कचरा निघाला! कोंबड्यांना घातला."

चंद्राबाईने डबा आपटला. जातं ओढलं, नाचणी ओतली, खुंटा धरला. ओवी नाही, हुं नाही. नुसती दगडाची घरघर. शेजारची साळूबाई दारातून डोकावली. "कोनाचा जीव दळतेस गो?"

"माझाच असंल," खाटेवरून सहदेव म्हणाला. "अगो, बोल, नाय तर फुटशील!"

तेवढ्यात सेजल पेला घेऊन आली. मुंबईहून आणलेल्या डब्यातली भुकटी तिने पाण्यात ढवळली होती.

"बाबा, हे घ्या. डब्यावर लिहिलंय बघा, पोटातल्या चांगल्या जंतूंसाठी. यात धान्याचा कोंडा आहे."

जातं थांबलं.

"कोंडा?" चंद्राबाई उठली. "कोंडा! मग कोंबड्यांना घातलास तो काय होता गो? घरचा तो कचरा, आणि डब्यातला ह्यो परसाद?"

सेजल पांढरीफटक पडली. "आई, तुमचं मौन..."

"मोडलं! महादेवाला काय सांगायचं ते मी सांगीन. तू मडकं उपडं केलंस. माझ्या डोळ्यांदेखत!"

"मी विचारलं होतं तुम्हाला!" आता सेजलचाही आवाज चढला. "तुम्ही हात हलवलात. तेव्हाच बोलला असतात तर? बाबांच्या पोटापेक्षा व्रत मोठं होतं का?"

सहदेवाने पेला खाली ठेवला. चंद्राबाईच्या मनात सूनबाईचा राग होताच, पण त्याच्या तळाशी दुसराच राग उकळत होता. मडकं दारापर्यंत जाईस्तोवर एक 'नाय' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? तेवढा शब्द तिने जपून ठेवला, आणि आता बोभाटा करून बसली.

"बस समोर," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "खुंटा धर. आणि चाळणीला हात लावशील तर बघ."

मंगळवारी तिने प्रायश्चित्ताचा उपास धरला. पोटाचा, तोंडाचा नाही. दिवसभर सेजलला ऐकावं लागलं, आणि ती एकेका शब्दाला उत्तर देत राहिली.

मडक्यातल्या जुन्या मुरवणाशिवाय पीठ आंबायला दोन रात्री गेल्या. बुधवारी झाकण काढलं तर वर बुडबुडे. सेजलने नाक मुरडलं, चूल पेटवली आणि पातेलं चढवलं.

"ढवळ," चंद्राबाई म्हणाली. "गुठळी होऊ देऊ नको."

सहदेवाने पहिली वाटी संपवून पुढे केली. शनिवारच्या वजनाला अजून तीन दिवस होते.